"थिसिससाठी एखादा टॉपिक द्या ना सर": पर्थमधल्या एका रजिस्ट्रारचं प्रकरण

एमडी मेडिसिनला ॲडमिशन झाली की पहिले सहा महिने दोनच चिंता असतात, झोप कधी मिळणार आणि सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) कधी द्यायचा. टॉपिक कसा ठरतो ते पीजी केलेल्या कुणालाही विचारा. सीनियर सांगतो, "असला घे जो वेळेत उरकेल, पेशंट आपल्याच वॉर्डात मिळतील आणि तपासण्यांचे पैसे खिशातून जाणार नाहीत", गाइड मान हलवतात, झालं ठरलं. माझा टॉपिक तापाच्या पेशंट्सवर होता. नाइटला दोन वाजता प्रोफॉर्मा भरायचे, एक्सेलमध्ये मास्टर चार्ट, स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांच्या केबिनबाहेर ताटकळायचं, मग बाइंडिंग, सबमिशन, आणि त्यानंतर तो काळा जाडजूड ग्रंथ मी स्वतःसुद्धा पुन्हा उघडलेला नाही. आमच्या वॉर्डातून कल्चर (जंतू प्लेटवर वाढवून बघायचा नमुना) खाली लॅबमध्ये जायचं आणि वर कागद यायचा, "४८ तासांनंतर वाढ नाही". असे कितीतरी कागद मी मास्टर चार्टमध्ये "निगेटिव्ह" म्हणून चढवले. ४८ च का, ७२ का नाही, प्लेट नंतर कुठे जाते, हे विचारायला तीन वर्षांत एकदाही जिना उतरलो नाही.

हे ४८ तास लक्षात ठेवा, पोटातल्या अल्सरमागचा (व्रणामागचा) जंतू कसा सापडला ती गोष्ट सांगतोय, त्यात पुढे लागणार आहेत.

तर केस अशी. १९८१, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचं पर्थ शहर, रॉयल पर्थ हॉस्पिटल. बॅरी मार्शल नावाचा तिशीला टेकलेला रजिस्ट्रार. (मुंबईच्या हॉस्पिटलांत पीजीच्या पोरांना अजूनही रजिस्ट्रार म्हणतात, तोच प्रकार, फिजिशियन होण्याचं ट्रेनिंग चालू.) जन्म कालगुर्ली नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावातला, एमबीबीएस पर्थमधल्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया युनिव्हर्सिटीतून. ट्रेनिंगचा भाग म्हणून एक रिसर्च प्रोजेक्ट करायचा होता आणि पोस्टिंग होतं गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीला, म्हणजे पोटाच्या विकारांच्या विभागात. बॉस टॉम वॉटर्सना विचारलं काही टॉपिक आहे का, तर ते म्हणाले पॅथॉलॉजीत (मायक्रोस्कोपखाली तुकडे तपासणाऱ्या विभागात) रॉबिन वॉरन आहेत, त्यांच्याकडे वीसेक पेशंट्सची यादी आहे, पोटाच्या बायॉप्सीत (तपासायला काढलेल्या तुकड्यात) त्यांना बॅक्टेरिया दिसलेत म्हणे, या पेशंट्सना नेमकं होतंय काय ते बघणारा कुणीतरी क्लिनिकल माणूस त्यांना हवाय.

इथे वॉरनबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट सांगताना लोक सरळ मार्शलवर उडी मारतात. जून १९७९ मध्ये, आपल्या ४२ व्या वाढदिवसाच्या दिवशी, वॉरनना एका गॅस्ट्रिक बायॉप्सीत पेशींच्या वरच्या कडेला एक निळसर रेघ दिसली. नेहमीच्या एच अँड ई स्टेनमध्ये (स्लाइड रंगवायच्या पद्धतीत) ती इतकी पुसट असते की बघणारा "म्यूकस असेल" म्हणून पुढे जातो. त्यांनी सिल्व्हर स्टेन मागवला, वॉर्थिन-स्टॅरी, तर काळ्याभोर वळणदार काड्यांची झुंबड. तेव्हाची पुस्तकं सांगायची की जठरात इतकं ॲसिड असतं की तिथे जंतू टिकत नाहीत, दिसले तर ते वरून गिळलेले किंवा नंतर शिरलेले. वॉरन पुढची दोन वर्षं बायॉप्सीमागून बायॉप्सी हेच बघत राहिले आणि आजूबाजूचे लोक, बरं, असेल काहीतरी, म्हणून सोडून देत राहिले. त्यांना हे दिसण्यामागे नशिबाचा एक भाग होता. सत्तरच्या दशकात लवचिक फायबरची एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोट आतून बघणं) रुळली, त्यामुळे जिवंत माणसाच्या पोटाचा ताजा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडून पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर यायला लागला. त्याआधी बरंचसं जठर बघायला मिळायचं ते पोस्टमॉर्टेमचं, आणि तोवर आतलं अस्तर स्वतःच्याच रसात विरघळलेलं असतं.

पण पॅथॉलॉजिस्टची अडचण अशी की त्याच्याकडे तुकडा येतो, माणूस येत नाही. फॉर्मवर "एपिगॅस्ट्रिक पेन" (पोटाच्या वरच्या भागात दुखणं) एवढंच लिहिलेलं. तो माणूस काय खातो, किती वर्षं दुखतंय, गोळीने बरं वाटतं का, हे सगळं वॉर्डात राहतं. मार्शलने यादी हातात घेतली तर त्यात एक बाई त्याच्याच वॉर्डातली निघाली. पोटात प्रचंड दुखायचं, तपासण्यांत काही सापडत नव्हतं, शेवटी काहीच सुचेना म्हणून यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून डिप्रेशनच्या गोळ्या चालू केल्या होत्या. आता वॉरनच्या स्लाइडवर त्याच बाईच्या पोटात जंतू. मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच वाटतो, ते जंतू पिण्याचं नाटक नव्हे. कारण मेडिसिनच्या वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाच्या खात्यावर असा एक पेशंट असतो ज्याला आपण "फंक्शनल" (तपासण्यांत काही नाही, उगाच दुखतंय) लिहून सोडून दिलंय, आणि त्याचं नाव असं दुसऱ्याच कुणाच्या यादीत समोर आलं की पोटात गोळा येतो.

सप्टेंबर १९८१ मध्ये दुसरा पेशंट, एक वयस्कर रशियन गृहस्थ, जेवलं की पोटात असह्य दुखायचं. बायॉप्सीत सूज आणि जंतू. मार्शलने १४ दिवस टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं आणि माणूस अक्षरशः टुणटुणीत होऊन फॉलोअपला आला. आता एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, प्लासिबो इफेक्ट (औषध घेतल्याच्या भावनेनेच बरं वाटणं) कुणालाही आठवेल, त्यालाही आठवलाच असणार. पण ट्रेनिंगमध्ये उरकायच्या प्रोजेक्टचं एखाद्या ध्यासात रूपांतर व्हायला असा एक पेशंट पुरतो.

मग मार्शल आणि वॉरननी नीट अभ्यास आखला. १९८२ मध्ये गॅस्ट्रोस्कोपीला, म्हणजे पोटाच्या एन्डोस्कोपीला, ओळीने आलेले आणि हो म्हणालेले १०० पेशंट. प्रत्येकाच्या जठराच्या खालच्या भागातून, जिथे व्रण नाही अशा जागेवरून तुकडे घ्यायचे, काही वॉरनना, काही मायक्रोबायॉलॉजीला. पेशंटची माहिती मार्शलकडे, आणि स्लाइड बघताना वॉरनना एन्डोस्कोपीत काय दिसलं ते माहीत नाही. डिझाइन म्हणून बघाल तर अगदी आपल्या पीजी थिसिसच्या आवाक्यातलं आहे, महागडं मशीन नाही, मोठी ग्रँट नाही, सॅम्पल साइज १००.

कल्चर मात्र येईना. स्लाइडवर जंतू दिसतायत, प्लेटवर काही उगवत नाही, असं तिसाहून जास्त पेशंट्सचं झालं. आणि कारण तेच आपले ४८ तास. लॅबच्या लोकांनी डोकं लावून कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या वळणदार जंतूची पद्धत घेतली होती, म्हणजे कमी ऑक्सिजनच्या हवेत वाढवायची, कारण काड्यांचं वळण तसंच दिसत होतं, ते बरोबरच होतं. पण प्लेट टाकून द्यायचा नियम घशाच्या किंवा संडासाच्या नमुन्याचा लावलेला. तिथे दोन दिवसांत काय ते उगवतं, त्यानंतर इतर सटरफटर जंतूंनी प्लेट भरून जाते, म्हणून ४८ तासांनी कचऱ्यात. पोटाच्या तुकड्याला तो नियम लावायचं कारणच नव्हतं, पण रोजच्या धबडग्यात कुणी वेगळा विचार करत नाही. हा जंतू तर आरामात, चार-पाच दिवस घेऊन वाढणारा.

मग आला एप्रिल १९८२ चा ईस्टर. चार दिवसांची सुट्टी, आणि वर हॉस्पिटलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची साथ चालू, त्यामुळे लॅब गळ्यापर्यंत कामात. ३५ व्या पेशंटच्या प्लेट्स ४८ तासांनी बघायला कुणाला सवडच झाली नाही, त्या इन्क्युबेटरमध्ये तशाच पडून राहिल्या. मंगळवारी सुट्टी संपून उघडून बघतात तर पारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीज. पेनिसिलिनची बुरशी लोकांना पाठ असते, ही ईस्टरची प्लेट फारशी कुणाला माहीत नसते. मी ती वाचली तेव्हा पहिलं काय आठवलं असेल तर माझा मास्टर चार्ट, "निगेटिव्ह", "निगेटिव्ह", "निगेटिव्ह". (माझ्या पेशंट्समध्ये काही नवा जंतू लपला होता असा दावा अजिबात नाही हां, बहुतेकांना डेंग्यूच असणार.)

१०० पैकी ५८ जणांच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसले, कल्चर आलं फक्त ११ जणांचं. आणि कोड उघडून (कुठली स्लाइड कुणाची ते उघड करून) माहिती जुळवली तेव्हा ज्या १३ जणांना ड्युओडेनल अल्सर (जठरापुढच्या आतड्याच्या सुरुवातीला झालेला व्रण) होता त्या १३ च्या १३ जणांत जंतू. हे लोक मुळात जठराच्या सुजेच्या मागे लागले होते, अल्सर असा पदरात पडला.

अल्सरला तेव्हा काय किंमत होती ते आत्ताच्या पोरांना सांगावं लागेल. अल्सर म्हणजे टेन्शन, मसाला, सिगारेट आणि ॲसिड, असं सगळं जग मानायचं. ॲसिड कमी करणारं सिमेटिडिन सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलं, मागोमाग रॅनिटिडिन, आणि ही औषधं जगातली सगळ्यात जास्त खपणारी औषधं झाली, कारण गोळी चालू तोवर व्रण भरतो, बंद केली की परत उघडतो, म्हणजे गिऱ्हाईक जन्माचं. नाहीतर ऑपरेशन. आपल्याकडच्या जुन्या सर्जन लोकांशी बोला, "आमच्या वेळी एका लिस्टला दोन-दोन व्हेगॉटॉमी-जीजे असायच्या" असं ते सांगतील, म्हणजे जठराकडे जाणारा मज्जातंतू कापायचा आणि जठर लहान आतड्याला जोडून द्यायचं. आजच्या सर्जरीच्या रेजिडेंटला ती अख्ख्या पीजीत एखादी बघायला मिळाली तरी नशीब. अशा वातावरणात एक ट्रेनी उठतो आणि म्हणतो हा संसर्ग आहे, बरा होतो.

ऑक्टोबर १९८२ मध्ये पर्थमध्येच फिजिशियन लोकांसमोर त्याने हे मांडलं, प्रतिसाद संमिश्र, आणि त्याच सुमारास कळलं की रॉयल पर्थमधली त्याची नोकरी पुढच्या वर्षी चालू राहणार नाही. त्या वर्षाचा बराच भाग तो पोर्ट हेडलँड नावाच्या उत्तरेकडच्या खाणबंदरात ड्युटीला होता, पर्थपासून दीड हजाराहून जास्त किलोमीटर, तिथेच डेटा घेऊन बसला, वाचन केलं. मग फ्रीमँटलच्या हॉस्पिटलने सीनियर रजिस्ट्रारची जागा दिली म्हणून काम तरलं. ट्रेनिंग आणि रिसर्च एकत्र करायचं म्हटलं की लोकांना डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप आणि पेपर येतात, प्रत्यक्षात त्यात मोठा हिस्सा पुढच्या जानेवारीत पगार कोण देणार याचा असतो, घरी बायको-मुलं आहेत, आणि लॅब, पॅथॉलॉजिस्ट, पेशंट हे तिन्ही एका हॉस्पिटलमध्ये आणि तुम्ही दुसऱ्या. आपल्याकडे पीजी संपलं की बाँड (ठरावीक काळ सरकारी नोकरी) लागतो आणि माणूस एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पडतो, सॅम्पल फ्रीझरमध्ये राहतात, नंतर कुणीतरी फ्रीझर साफ करतं.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गॅस्ट्रो सोसायटीकडे ॲब्स्ट्रॅक्ट पाठवला. आले होते ६७, घेतले ५६, आणि याचा उरलेल्यांत. नाकारल्याचं ते गुळमुळीत पत्र मार्शलने पुढे किती भाषणांत दाखवलं असेल! पण इथे मला गॅस्ट्रोवाल्यांना अगदी खलनायक करावंसं वाटत नाही. त्या घडीला हातात होतं काय, तर जंतू आणि अल्सर एकत्र सापडतात एवढंच. एकत्र सापडणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं, व्रणाच्या जागी जंतू मागाहून येऊन राहिले असं म्हणायला पूर्ण वाव होता. मार्शललाही ते कळत होतंच. जंतूवाल्यांच्या जगात मात्र त्याला लगेच जागा मिळाली. इंग्लंडमधले मार्टिन स्किरो कॅम्पिलोबॅक्टरमधले मोठं नाव, त्यांनी दखल घेतली, सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रुसेल्सला कॅम्पिलोबॅक्टरची परिषद होती तिथे तो बोलला. जून १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वॉरन आणि मार्शलची दोन वेगवेगळी पत्रं आली, पूर्ण पेपर जून १९८४ मध्ये. एकाच गोष्टीकडे पोटाचे डॉक्टर "अल्सरमध्ये जंतू कसले" म्हणून बघत होते आणि जंतूंचे डॉक्टर "अरे वा, नवा जंतू" म्हणून.

आता ते पिण्याचं. डुकराच्या पिल्लांना संसर्ग करून बघितला, जमला नाही. १९८४ च्या मध्यावर मार्शलने आधी स्वतःची एन्डोस्कोपी करून घेतली, पोट स्वच्छ असल्याची खात्री केली, मग एका पेशंटच्या पोटातून वाढवलेले जंतू द्रवात कालवून घटाघट प्यायला. एथिक्स कमिटीला विचारलं नाही, घरीही आधी सांगितलं नाही. पाचव्या दिवसापासून पोट जड, मग पहाटे पहाटे उलट्या, आणि उलटीत नुसतं पाणी, ॲसिड नाहीच, तोंडाला असा वास की घरच्यांच्या लक्षात आलं. दहाव्या दिवशी परत एन्डोस्कोपी, जठराला सणसणीत सूज आणि तिथे जंतू. घरी कळल्यावर बायकोने अँटिबायोटिक घ्यायला लावलं ते लावलंच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टीत पुढे असं असतं की "त्याला अल्सर झाला, गोळ्या घेतल्या, बरा झाला, नोबेल मिळालं." अल्सर झाला नव्हता. गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराची सूज, झाला होता, आणि चौदाव्या दिवसापर्यंत तोही बराचसा आपोआप उतरला होता, हे त्याने १९८५ च्या पेपरमध्ये स्वतःच लिहिलंय, आणि पेपरच्या शीर्षकात कॉखच्या निकषांचा (अमुक जंतूमुळेच अमुक रोग होतो हे ठरवायच्या कसोट्यांचा) "प्रयत्न" असाच शब्द आहे. निरोगी पोटात हा जंतू सूज आणतो, एवढं सिद्ध झालं, जे कमी नाही, पण अल्सरचा निकाल त्याने लागला नाही.

तो निकाल लागला कंटाळवाण्या मार्गाने. बिस्मथचं औषध अल्सरवर जुनंच होतं, आणि त्याने भरलेले व्रण सिमेटिडिनपेक्षा उशिरा उलटतात हे माहीत होतं, का ते कुणाला माहीत नव्हतं. प्लेटवर बिस्मथ ठेवलं तर या जंतूची वाढ थांबते, म्हणजे ते न कळत अँटिबायोटिकचं काम करत होतं. मग ड्युओडेनल अल्सरच्या १०० पेशंट्सची डबल-ब्लाइंड ट्रायल (कुणाला काय दिलंय ते डॉक्टरलाही ठाऊक नाही आणि पेशंटलाही), सिमेटिडिन किंवा बिस्मथ, सोबत टिनिडॅझोल हे अँटिबायोटिक किंवा खोटी गोळी, आणि वर्षभर फॉलोअप. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. जंतू राहिला त्यांच्यात ६१ टक्के व्रण भरले आणि वर्षभरात ८४ टक्के उलटले. जंतू गेला त्यांच्यात ९२ टक्के भरले आणि उलटले फक्त २१ टक्के. मला विचाराल तर ८४ आणि २१ हे दोन आकडे त्या पेलाभर जंतूंपेक्षा जास्त धाडसाचे आहेत, कारण पेशंट वर्षभर टिकवणं, पुन्हा पुन्हा स्कोपीला आणणं, "आता बरं वाटतंय डॉक्टर, परत कशाला नळी घालता" म्हणणाऱ्याला पटवणं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. आणि हे काम नुसता लॅबवाला करू शकत नाही, तिथे ओपीडीतला डॉक्टरच लागतो ज्याच्यावर पेशंटचा भरवसा आहे.

१९८९ मध्ये जंतूचं नाव कॅम्पिलोबॅक्टरमधून काढून हेलिकोबॅक्टर पायलोरी केलं, १९९४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या बैठकीत मान्य झालं की अल्सरमध्ये हा जंतू असेल तर अँटिबायोटिक द्यायचं, त्याच वर्षी डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने त्याला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं, २००५ मध्ये दोघांना नोबेल. हा भाग सगळ्यांना माहीत असतो.

कमी माहीत असतं ते हे की त्यांच्या आधीही लोकांनी पाहिलं होतं. ग्रीसमध्ये जॉन लिकुडिस नावाचा एक साधा जनरल प्रॅक्टिशनर १९५८ पासून अल्सरच्या पेशंटना अँटिबायोटिक देत होता, त्याला शाबासकीच्या जागी दंड झाला. त्याच्याकडे पेशंट भरपूर होते, पण स्लाइड बघणारा वॉरन नव्हता, प्लेट लावणारी लॅब नव्हती. वॉरनकडे दोन वर्षं स्लाइड होत्या, पेशंट नव्हते. एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही असून जोडणारा माणूस नसला तर काय होतं ते मी तापाच्या थिसिसमध्ये केलेलंच आहे.

आता माझ्या ओपीडीत येतात ते काका बघा. शर्टाच्या खिशात पेन, चष्मा आणि पॅन-डीची (ॲसिडिटीच्या गोळ्यांची) पट्टी, पंधरा वर्षं. "ॲसिडिटी हो डॉक्टर, आमच्याकडे सगळ्यांनाच आहे." गेल्या वर्षी एक असेच, संडास काळी झाली म्हणून आले, स्कोपीत ड्युओडेनममध्ये व्रण. बायॉप्सीचा एक तुकडा रॅपिड युरिएज टेस्टच्या छोट्या खळग्यात टाकला, पिवळी जेली. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, ॲसिडमध्ये स्वतःभोवती अल्कलीचं कवच करून जगतो ते असंच, आणि तोच अमोनिया त्या जेलीचा रंग बदलतो. दहा-बारा मिनिटांत तुकड्याभोवती गुलाबी कड आली, मग सगळी जेली राणी कलरची झाली. काकांना दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे हे टेन्शनने नव्हतं?"

बाकी हे वाचून केमिस्टकडे जाऊन "एच पायलोरीचं किट द्या" म्हणू नका. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, त्यातल्या बहुतेकांना कधी अल्सर होत नाही, आणि अर्धवट कोर्स करून करून क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यावरचं अँटिबायोटिक आता बऱ्याच ठिकाणी चालेनासं झालंय, फिरून पुन्हा त्या जुन्या बिस्मथवर यायची वेळ आलीय. काकांचा कोर्स १४ दिवसांचा होता, नंतर महिना सोडून परत टेस्ट करायची असते, ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "एकदम बरं आहे, कशाला यायचं." आता येत्या सोमवारी माझा ज्युनियर त्यांच्या घराजवळच्या कॅम्पला जाणार आहे, त्याला म्हटलंय जमलं तर गाठून ये, आणि त्यांचा नमुना कुठल्याही लॅबला गेला तर ती लॅब तो किती वेळ ठेवते तेही विचारून ये.